जठराचा कॅन्सर आणि गाठीभोवतीचा भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये जठराच्या तुकड्याचा रिपोर्ट घ्यायला येणारी मंडळी काउंटरवर जे विचारतात, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निफाड, सिन्नर, मालेगाव, सुरगाणा, कुठूनही आले तरी प्रश्न तेच असतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण क्वचितच माझ्यासमोर येतो, त्याचा तुकडा मात्र मी तासन्‌तास पाहतो. त्यामुळे कुठली केमो घ्यावी याचं उत्तर इथे मिळणार नाही, ते तुमच्या कॅन्सरतज्ज्ञाकडूनच घ्या. रिपोर्टातल्या ज्या ओळी घाईत कुणी समजावून सांगत नाही, त्या इथे सापडतील. त्यातल्या बऱ्याच ओळी गाठीभोवतीच्या भागाबद्दल असतात, आणि जठराच्या कॅन्सरमध्ये पुढे काय होणार यात त्या भागाचा वाटा फार मोठा असतो.

क्रमाने वाचायची गरज नाही. एका उत्तराला दुसऱ्याची जोड लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोटाचा कॅन्सर म्हणजे नेमका कुठला? आतड्याचा, लिव्हरचा की आणखी कशाचा?

इथे फक्त जठराचा. बोलताना आपण छातीखालच्या सगळ्यालाच पोट म्हणतो, पण 'पोटात गाठ आहे' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अन्ननलिका संपते तिथून लहान आतडं सुरू होतं तिथपर्यंतची पिशवी म्हणजे जठर. तिथले ९० टक्क्यांहून जास्त कॅन्सर आतल्या अस्तराच्या ग्रंथींमधून निघतात, त्यांना 'ॲडिनोकार्सिनोमा' म्हणतात. तुमच्या रिपोर्टात हा शब्द नसेल आणि 'जिस्ट' (जठराच्या भिंतीतून निघणारी वेगळी गाठ) किंवा 'लिम्फोमा' (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल, तर इथलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. लिम्फोमावाल्यांनी थेट प्रश्न १८ वाचावा.

२. 'गाठीभोवतीचा भाग' म्हणजे काय? गाठीत सगळ्या कॅन्सरच्याच पेशी नसतात का?

नसतात. सीटी स्कॅनमध्ये 'चार सेंटीमीटरची गाठ' लिहिलेलं असतं, त्यात कॅन्सरच्या पेशी किती आणि शरीराच्या स्वतःच्या पेशी किती हे सीटी सांगत नाही. काही गाठींमध्ये निम्म्याहून जास्त ऐवज शरीराचा स्वतःचाच असतो.

त्यात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. यांचं एरवीचं काम कोलॅजनचे तंतू तयार करणं, जखम भरून काढणं. रक्तवाहिन्या असतात. लिम्फोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल अशा पांढऱ्या पेशी असतात. नसांचे बारीक धागे असतात, जठराबाहेरच्या बाजूला चरबी असते, आणि या सगळ्यांच्या मधली जागा कोलॅजन व इतर प्रथिनांनी भरलेली असते. आमच्या रिपोर्टात याला 'स्ट्रोमा' म्हणतात. संशोधनाच्या लेखांत 'ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्नमेंट' असा लांबलचक शब्द येतो. त्यात पेशींबरोबर तिथला ऑक्सिजन, आम्लता, सूज हेही धरतात.

या पेशी नुसत्या बसून नसतात. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे रासायनिक निरोप सोडतात आणि जवळचे फायब्रोब्लास्ट बदलतात. बदललेले फायब्रोब्लास्ट उलट निरोप सोडतात. इंटरल्यूकिन-६, एचजीएफ, सीएक्ससीएल-१२ ही त्यातली काही नावं. त्यांनी कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढतात, जागा सोडून सरकतात, औषधाला दाद देत नाहीत. गाठ मोठी झाली की आत ऑक्सिजन कमी पडतो. मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या वेड्यावाकड्या असतात, गळक्या असतात, पण गाठीचं भागतं.

३. कॅन्सर तर जीन्समधल्या बिघाडाने होतो ना? मग आजूबाजूच्या भागाला दोष कशाला?

सुरुवात जीन्सपासूनच होते. टीपी-५३ बिघडतं, काही प्रकारांत सीडीएच-१ बिघडतं. पण बिघडलेली पेशी तिथे तग धरेल का आणि दुसरीकडे जाऊन रुजेल का, हे नुसत्या जीन्सवर ठरत नाही.

ही गोष्ट जुनी आहे. १८६३ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्को यांनी गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि सूज व कॅन्सर यांचा संबंध मांडला. १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडे जातं, मग कॅन्सर लिव्हरमध्ये इतक्या वेळा का पसरतो आणि प्लीहेत इतका क्वचित का, असा त्यांचा प्रश्न होता. बी कितीही वाऱ्यावर उडालं तरी मानवेल त्याच जमिनीत रुजतं, हे त्यांचं उत्तर. द्राक्षबागा असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे फार फोड करून सांगावं लागत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचे हॅरल्ड ड्वोरॅक यांनी दाखवलं की जखम भरताना शरीर जी यंत्रणा चालू करतं, तीच गाठीभोवती चालू असते. जखम भरली की ती यंत्रणा बंद होते, गाठीपाशी मात्र ती चालूच राहते.

४. हे सगळ्याच कॅन्सरना लागू असेल. मग जठराचंच वेगळं काय?

वेगळं हे की जठरात बऱ्याचदा आजूबाजूचा भाग आधी बिघडतो आणि कॅन्सर मागून येतो. कारण एच. पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला. लोक ऐकेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच त्या जंतूंचं द्रावण प्यायले आणि जठरसूज ओढवून घेतली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला माणसात कॅन्सर करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू बहुधा लहानपणीच शिरतो आणि औषध दिलं नाही तर आयुष्यभर राहतो. अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहते. मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, रिपोर्टात त्याला 'ॲट्रोफी' म्हणतात. मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं, ते 'इंटेस्टिनल मेटाप्लेशिया'. पुढे 'डिस्प्लेशिया' आणि मग कॅन्सर. या पायऱ्या चढायला बहुतेकदा काही दशकं लागतात आणि बहुतेक लोक मधल्याच पायरीवर थांबतात. म्हणूनच 'मेटाप्लेशिया' हा शब्द वाचून रडत येणाऱ्यांना मी आधी खाली बसवतो. तो कॅन्सर नाही. त्यावर लक्ष ठेवावं लागतं, एवढंच.

५. घरात चौघांना एच. पायलोरी निघालं. सगळ्यांना कॅन्सर होणार का?

नाही. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या जठरात हा जंतू असतो, तरी जपान, कोरिया, चीनच्या मानाने आपल्याकडे जठराचा कॅन्सर बराच कमी आहे. देशातल्या देशातही फरक आहे. मिझोरममध्ये प्रमाण खूप जास्त, महाराष्ट्रात कमी. जंतूचा वाण (त्यात सीएजीए हे प्रथिन आहे की नाही), माणसाची सूज येण्याची प्रकृती, मीठ आणि तंबाखू, सगळं मिळून ठरतं.

कुटुंबात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर सख्ख्या नात्यातल्या मोठ्या माणसांनी तपासणी आणि उपचार करून घ्यावेत. कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो, तो मध्येच सोडायचा नाही. जंतू गेला का हे पाहायला संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि त्याआधी २ आठवडे ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांना विचारून बंद. ही गोळी चालू ठेवून केलेली श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. निम्म्या लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

६. पहिल्या बायोप्सीत 'कॅन्सर नाही' आलं, महिन्याने दुसऱ्या बायोप्सीत आला. पहिली लॅब चुकली का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. पण जठराच्या एका प्रकारात असं घडण्याचं कारण गाठीभोवतीच्या भागातच असतं.

फिनलंडचे पॅथॉलॉजिस्ट पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार पाडले: इंटेस्टिनल आणि डिफ्यूज. इंटेस्टिनल प्रकारात पेशी एकत्र राहून ग्रंथी तयार करतात, गाठ दिसते, एंडोस्कोपीत तुकडा सहज मिळतो. डिफ्यूज प्रकारात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बिघडलेलं असतं, त्यामुळे त्या सुट्या सुट्या होऊन अस्तराच्या खालून जठराच्या भिंतीत पसरतात.

अशा रुग्णाचं ऑपरेशनमध्ये काढलेलं जठर टेबलावर उघडलं की वरचं अस्तर कित्येकदा जवळजवळ ठीक दिसतं. सुरी भिंतीतून जाताना मात्र करकरते. भिंत जाड, पांढरी, ताठ झालेली असते. त्याची ४ मायक्रॉनची कापी रंगवून पाहिली तर क्षेत्रभर गुलाबी कोलॅजन पसरलेलं, आणि त्या गुलाबी रंगात कुठेतरी एक, कुठेतरी दोन अशा कॅन्सरच्या पेशी. पेशीत म्युकस साठून केंद्रक कडेला चेपलेलं असतं, म्हणून त्यांना 'सिग्नेट रिंग' म्हणतात. कमी भिंगातून त्या सुजेतल्या मॅक्रोफेजसारख्याच दिसतात. संशय आला तर सायटोकेराटिनचा रंग लावायचा, तेव्हा तपकिरी होऊन त्या एकदम उठून दिसतात. भिंतीचा हा जाडपणा मुख्यतः फायब्रोब्लास्टनी केलेला असतो. याला 'लिनायटिस प्लास्टिका' म्हणतात.

एंडोस्कोपीचा चिमटा वरच्या अस्तराचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतो. कॅन्सर त्याच्या खाली असेल तर तुकड्यात येणारच नाही. म्हणून संशयाच्या जागी सहा ते आठ तुकडे, एकाच ठिकाणी पुन्हा खोल तुकडा, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात. जठर हवा भरूनही फुगत नसेल आणि रिपोर्ट 'साधी सूज' असेल, तर तो रिपोर्ट अखेरचा मानू नये. हे मी माझ्या स्वतःच्या रिपोर्टबद्दलही सांगतो.

७. रिपोर्टात 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा', 'एलव्हीआय', 'पीएनआय' असे शब्द आहेत. यातलं वाईट काय?

'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' म्हणजे पेशींभोवती तंतूंचं दाट जाळं झालं आहे. कॅन्सर वरचं अस्तर ओलांडून आत घुसल्याची ती खूण असते. 'एलव्हीआय' म्हणजे पेशी रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिनीत दिसल्या, 'पीएनआय' म्हणजे नसेच्या कडेने सरकताना दिसल्या (नसांबद्दल प्रश्न १५). पुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'प्रेझेंट' असेल तर पसरण्याचा धोका वाढतो. पण स्टेज या शब्दांवरून ठरत नाही. कॅन्सर भिंतीत किती खोल गेला, किती लिम्फ नोड्समध्ये गेला, आणि लांब कुठे गेला का, या तिन्हींवरून ठरते.

८. रिपोर्टात लिहिलंय की गाठीत लिम्फोसाइट भरपूर आहेत. म्हणजे शरीर लढतंय ना? मग गाठ वाढतेच कशी?

कोणत्या लिम्फोसाइट आहेत आणि त्यांना काम करू दिलं जातंय का, यावर उत्तर अवलंबून आहे. सीडी-८ जातीच्या टी-पेशी कॅन्सरच्या पेशी मारू शकतात. त्या गाठीच्या आत शिरलेल्या असतील तर साधारणपणे चांगलं लक्षण. पण त्यांच्याच गर्दीत नियंत्रक टी-पेशी असतात, त्यांचं काम प्रतिकाराला आवर घालणं. मॅक्रोफेजचंही असंच. सुरुवातीला ते जंतू आणि पेशी गिळणारे असतात, पण गाठीपाशी राहून राहून त्यातले बरेच जखम भरणाऱ्या वळणावर जातात. मग ते नव्या वाहिन्यांना मदत करतात आणि टी-पेशींना थोपवतात.

याशिवाय कॅन्सरच्या पेशी आणि हे मॅक्रोफेज स्वतःच्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन मांडतात. टी-पेशीवरच्या पीडी-१ ला ते चिकटलं की टी-पेशी थंडावते. पीडी-१ शोधणारे जपानचे तासुकु होंजो आणि अशाच दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. इम्युनोथेरपी म्हणजे हा ब्रेक काढणारं औषध. आत टी-पेशीच नसतील तर ब्रेक काढून उपयोग काय? डिफ्यूज प्रकारात कोलॅजनच्या दाट जाळ्यामुळे त्या बऱ्याचदा काठावरच अडकलेल्या दिसतात.

९. 'सीपीएस ७' आलंय. ७ टक्के कॅन्सर आहे का? की ७ टक्के बरं होण्याची शक्यता?

दोन्ही नाही. सीपीएस हा पीडी-एल१ तपासणीचा आकडा आहे आणि त्यात गाठीभोवतीच्या पेशीही मोजतात, म्हणून तो या पानावर आला. पीडी-एल१ असलेल्या कॅन्सरच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या सगळ्यांची बेरीज करायची, तिला जिवंत कॅन्सर पेशींच्या एकूण संख्येने भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा १०० कॅन्सर पेशी आहेत, त्यातल्या ३ रंगल्या आणि शेजारच्या ४ लिम्फोसाइट रंगल्या, तर सीपीएस ७.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेकमेट-६४९ या चाचणीत, पसरलेल्या आणि हर-२ (काही कॅन्सर पेशींवर जास्त असणारं एक प्रथिन) निगेटिव्ह आजारात केमोबरोबर निव्होलुमॅब हे ब्रेक काढणारं औषध (प्रश्न ८) दिलं. सीपीएस ५ किंवा जास्त असणाऱ्यांमध्ये मध्यक आयुष्य ११.१ महिन्यांवरून १४.४ महिन्यांवर गेलं. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. खर्चाचा विचार करताना हे दोन्ही आकडे समोर ठेवून डॉक्टरांशी बोला. आणि एक तांत्रिक गोष्ट: तुकडा बदलला की सीपीएस बदलू शकतो, कारण एकाच गाठीत एका कोपऱ्यात पांढऱ्या पेशी भरपूर आणि दुसऱ्यात तुरळक असतात. एका तुकड्यात ४ आणि दुसऱ्यात ६ आलं म्हणून लॅबशी भांडायला जाऊ नका.

१०. 'एमएसआय-हाय' आणि 'ईबीव्ही पॉझिटिव्ह' चांगलं की वाईट?

उपचाराच्या दृष्टीने बऱ्याचदा चांगलं. 'एमएसआय-हाय' म्हणजे पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे, आणि 'ईबीव्ही' म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. २०१४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने २९५ जठराच्या गाठी तपासून चार गट केले. सुमारे ९ टक्के गाठींत एपस्टाइन-बार विषाणू होता, २२ टक्के एमएसआय, २० टक्के जीनोम स्थिर असलेल्या (यात डिफ्यूज प्रकार जास्त) आणि ५० टक्के गुणसूत्रांची मोडतोड झालेल्या. पहिल्या दोन गटांत टी-पेशी गाठीत आतपर्यंत भरलेल्या दिसतात, कारण विषाणूची किंवा भरमसाट बदललेली प्रथिनं शरीराला परकी वाटतात. म्हणून इम्युनोथेरपी त्यांना जास्त लागू पडते. अपवाद असा, की एमएसआय गाठींना ऑपरेशनच्या आगेमागे दिलेल्या नुसत्या केमोचा फायदा कमी दिसतो. त्यामुळे ही तपासणी केमो सुरू होण्याआधीच मागा.

११. सीटीत पोट साफ होतं, दुर्बिणीतून पाहिलं तर आत दाणे निघाले. महिन्याभरात पसरला का?

बहुधा आधीपासूनच होते. जठराच्या पुढे ओमेंटम नावाचा चरबीचा पदर लटकत असतो आणि पोटाच्या आतून पेरिटोनियमचं पातळ आवरण असतं. जठराची भिंत ओलांडून कॅन्सरच्या पेशी पोटाच्या पोकळीत गळल्या तर त्या कुठेही बसत नाहीत. ओमेंटममध्ये पांढऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके असतात, त्यांना 'मिल्की स्पॉट' म्हणतात, आणि पेशी आधी तिथे चिकटतात. तिथे रक्तवाहिन्या असतात, आजूबाजूच्या चरबीतून ऊर्जा मिळते. पॅजेट यांचं म्हणणं (प्रश्न ३) इथे डोळ्यांनी दिसतं.

दोन-तीन मिलिमीटरचे दाणे सीटीत सुटतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी लॅपरोस्कोपी करून पाहतात आणि पोट सलाइनने धुऊन ते पाणी आमच्याकडे पाठवतात. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर डोळ्यांना दाणे दिसले नाहीत तरी आजार चौथ्या स्टेजचा धरतात. 'आणखी एक दुर्बीण कशाला, पैसे काढायचे धंदे' असं नातेवाईक म्हणतात. या एका बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. निरुपयोगी ठरणारं जठर काढण्याचं ऑपरेशन त्यामुळे टळतं.

१२. गाठ तीन सेंटीमीटरची, मग जवळजवळ सगळं जठर का काढलं?

डिफ्यूज प्रकारात हाताला लागणाऱ्या कडेच्या पुढेही सुट्या पेशी असतात (प्रश्न ६), म्हणून कडेपासून साधारण ५ सेंटीमीटर सोडून कापतात. आटोपशीर कडा असलेल्या गाठीत ३ सेंटीमीटर चालतं. त्याबरोबर जवळच्या लिम्फ नोड्स काढतात. स्टेज नीट ठरायला किमान १६ नोड्स तपासलेल्या असाव्यात. रिपोर्टात नोड्सचा आकडा शोधा आणि कमी असेल तर सर्जनना विचारा.

१३. मग भोवतीच्या भागावरच औषध मारलं तर?

विचार बरोबर आहे, आणि यशापयश दोन्ही पदरात आलं आहे. रामुसिरुमॅब हे नव्या रक्तवाहिन्यांचा निरोप अडवणारं औषध २०१४ पासून वापरात आहे. पहिली केमो निष्फळ ठरल्यावर, म्हणजे उपचाराच्या दुसऱ्या टप्प्यात, पॅक्लिटॅक्सेल या केमोबरोबर दिल्यावर मध्यक आयुष्य ७.४ वरून ९.६ महिने झालं. त्याच मार्गावरचं बेव्हॅसिझुमॅब मात्र २०११ च्या अव्हागास्ट चाचणीत पहिल्या टप्प्यात आयुष्य ठोसपणे वाढवू शकलं नाही. कोलॅजन कापणारी विकरं रोखणारी औषधंही आली. त्यातलं अँडेकॅलिक्सिमॅब जठराच्या मोठ्या चाचणीत फसलं.

सगळ्यात मोठा धडा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मिळाला. २०१४ मध्ये उंदरांच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट काढून टाकले तर गाठ आणखी आक्रमक झाली. म्हणजे काही फायब्रोब्लास्ट कॅन्सरला आवरही घालत होते. तेव्हापासून सरसकट मारण्यापेक्षा त्यांचं वळण बदलण्यावर भर आहे. 'स्ट्रोमा विरघळवणारं' म्हणून कुणी पुडी किंवा काढा विकत असेल तर हे दोन परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

नव्यातलं झोल्बेटुक्सिमॅब हे २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालेलं औषध क्लॉडिन १८.२ या कॅन्सर पेशीवरच्याच प्रथिनावर काम करतं, भोवतीच्या भागावर नव्हे. लोक दोन्हींत गल्लत करतात म्हणून लिहिलं.

१४. केमोनंतर सीटीत भिंत अजून जाडच आहे. औषध लागू पडलं नाही का?

जाडीवरून सांगता येत नाही. कॅन्सरच्या पेशी मेल्या तरी त्यांच्या जागी उरलेलं कोलॅजन आणि व्रण राहतो आणि सीटीत तो जाडच दिसतो. ऑपरेशननंतर आम्ही गाठीची जागा पूर्ण कापून पाहतो आणि जिवंत कॅन्सर किती उरला त्याची श्रेणी देतो. कधी नुसती म्युकसची तळी उरतात, आत एकही पेशी नसते. तिला आम्ही कॅन्सर धरत नाही. उलट डिफ्यूज प्रकारात भिंत पातळ होऊनही तंतूंत पेशी लपलेल्या सापडतात.

१५. वडिलांना फार टेन्शन होतं. त्यानेच झाला का? नसांचा संबंध असतो असं वाचलं.

टेन्शनने झाला म्हणून स्वतःला किंवा घरच्यांना दोष देऊ नका. तुम्ही वाचलेलं संशोधन वेगळं आहे. मेंदूकडून जठराकडे व्हेगस नस येते आणि तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन सुटतं. २०१४ मध्ये उंदरांमध्ये ही नस कापली किंवा बोटॉक्सने बधिर केली तेव्हा जठरातल्या गाठी कमी झाल्या. नस हीसुद्धा भोवतालाचा भाग आहे, हे त्यातून पक्कं झालं. माणसात तो उपचार म्हणून प्रचलित नाही.

१६. मिसळ, लोणचं, पापड बंद करू का? अल्कलाइन पाणी, हळद, साखर बंद, यांनी गाठीचा भोवताल बदलतो का?

नाशिककर मिसळीवरूनच सुरुवात करतात! तिखटाविरुद्धचा पुरावा मिठाविरुद्धच्या पुराव्याइतका भक्कम नाही. जास्त मीठ आणि मिठात मुरवलेले पदार्थ अस्तराला इजा करतात आणि एच. पायलोरीच्या जोडीने धोका वाढवतात. तंबाखूबद्दल शंका नको. विडी, सिगारेट यांनी जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दातांना मिश्री लावणाऱ्या आजी 'मी कुठे तंबाखू खाते' म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

अल्कलाइन पाण्याचा दावा अर्ध्या सत्यावर उभा आहे. गाठीभोवती आम्लता जास्त असते, हे खरं. पण ती तिथल्या पेशींनी सोडलेल्या लॅक्टिक ॲसिडमुळे असते. प्यायलेलं पाणी जठरातल्या आम्लात मिसळतं आणि रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतं. साखरेवाचून गाठ उपाशी मरत नाही, रुग्ण मात्र वाळतो. हळद भाजीत हवी तेवढी घाला. कर्क्युमिनच्या कॅप्सूल केमोच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जठराच्या रुग्णाचं वजन टिकवणं हे या सगळ्यापेक्षा मोठं काम आहे: थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, अंडी, डाळ, पनीर, दूध झेपेल तसं.

१७. दुसऱ्या मतासाठी मुंबईला काय न्यायचं? नुसता रिपोर्ट चालेल?

नाही. रिपोर्ट, रंगवलेल्या स्लाइड आणि मुख्य म्हणजे पॅराफिनचा ब्लॉक. पंचवटी एक्स्प्रेसने परळला टाटाला जाऊन 'ब्लॉक आणा' ऐकून परत येणारे बरेच भेटतात. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटवरचा मेणाचा चौकोन, त्यात तुमचा तुकडा असतो. सीपीएस, एमएसआय, हर-२ सगळं त्यातूनच होतं. तो लेखी अर्ज देऊन लॅबकडून मिळतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि एंडोस्कोपी होतानाच पाहा, की तुकडा फॉर्मालिनच्या डबीत टाकला आहे. तालुक्याहून कधी सलाइनमध्ये तुकडे येतात. पेशी सडलेल्या असतात आणि मग भोवतालच काय, गाठही नीट वाचता येत नाही.

१८. जठरात 'माल्ट लिम्फोमा' निघाला आणि डॉक्टरांनी केमोऐवजी अँटिबायोटिक दिलं. ते गंमत करतायत का?

ते अगदी बरोबर करतायत. माल्ट लिम्फोमाच्या बी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एच. पायलोरीने चेतवलेल्या टी-पेशींच्या आधारावर वाढतात. जंतू गेला की तो आधार जातो आणि पेशी टिकत नाहीत. १९९३ मध्ये हे पहिल्यांदा रुग्णांमध्ये दाखवलं गेलं, आणि आज सुरुवातीच्या स्टेजमधल्या, जंतू असलेल्या साधारण ७० ते ८० टक्के रुग्णांचा लिम्फोमा नुसत्या अँटिबायोटिक कोर्सने नाहीसा होतो. कधी त्याला वर्षभर लागतं, म्हणून तीन महिन्यांच्या एंडोस्कोपीत थोडा उरलेला दिसला तरी घाई करत नाहीत.

उरलेल्यांमध्ये ११ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल बऱ्याचदा सापडते. तिच्यामुळे पेशींना टी-पेशींचा आधार लागतच नाही, त्या स्वतःच्या बळावर वाढतात. म्हणून ब्लॉकवर ही तपासणी आधीच मागून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तरी जंतूचा कोर्स देतातच, पण त्यावर विसंबून न राहता रेडिएशनची तयारी ठेवतात.